कानामागचा डुलकी-अलार्म: वाजतो बरोबर, पण वाजतो उशिरा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्याचा टाइम नको जायला. कानामागे अडकवायचा तो झोपेचा अलार्म, जो सध्या नागपुरात बर्डीच्या बाजारात मोबाईलच्या कव्हरांच्या बाजूला लटकलेला दिसतो आणि ऑनलाईन तर पन्नास नावांनी मिळतो, तो फेकून देण्यासारखा नाही, पण त्याच्या भरवशावर रात्री गाडी काढावी असा तर अजिबातच नाही. पाचपैकी अडीच स्टार. अभ्यासाला बसणारे पोट्टे, रात्रपाळीचे गार्ड आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसणारा माणूस, यांच्यासाठी साडेतीन देईन. खुद्द ड्रायव्हरसाठी दीड, आणि तोही दया करून. असं काऊन, ते खाली लिहून राहिलो आहे, थोडं लांबलं तर चालवून घ्या.

वस्तू अशी आहे. जुन्या ब्लूटूथ इअरफोनसारखा प्लास्टिकचा वाकडा तुकडा, कानामागे अडकतो, वजन काहीच जाणवत नाही. बाजूला एक सरकवायचं बटन, चालू किंवा बंद, बस. ना ॲप ना चार्जिंग ना लायटिंग. आत एक छोटासा स्विच असतो जो फक्त मान किती झुकली तेवढंच बघतो, मान ठरलेल्या कोनाच्या पुढे गेली की सर्किट जुळते आणि कानाच्या अगदी शेजारी टीं टीं टीं सुरू. माझ्या डब्यावर ३० अंश लिहिलेलं आहे. थोड्या महागातल्या मॉडेलमध्ये आवाजासोबत थरथरायची पण सोय असते. सेल बटनाचे, लहान पोरांच्या लुकलुकणाऱ्या खेळण्यात असतात तसे. दुकानदारानं तीनशे सांगितले, मी निघायला लागलो तर दोनशेवर आला, म्हणजे खरी किंमत किती असेल तुम्हीच समजा.

घ्यायचं कारण नागपूरकराला सांगायला नको. इथं प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी पुण्याला आहे, आमची ताई पण आहे, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून सगळ्यांना वाटते की पुणं आता जवळ आलं. आपल्या शिवमडक्यापासून चढायचं, संभाजीनगरपर्यंत सरळ जायचं, तिथून उतरून नगरमार्गे पुणं. जुन्या रस्त्याच्या मानानं वेळ वाचतो यात वादच नाही. पण उन्हाळ्यात दिवसा निघायची कोणाची हिंमत होत नाही, मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना टायर तापतात, लेकरं कावतात, एसी पण दमतो, मग सगळे रात्री जेवून-खावून निघतात. आणि जेवून-खावून रात्री सरळ रस्त्यावर गाडी चालवणे म्हणजे झोपेला घरून बोलावणं पाठवल्यासारखंच आहे.

तर पहिली टेस्ट घरीच घेतली, गाडीत कोण घेते बे. रविवारी सावजी मागवलं होतं, मटण, पाया, सोबत भाकरी, वर भाताचा डोंगर. सावजी तिखटाचा घाम गेला की अर्ध्या तासात जी सुस्ती येते ती ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. कूलरसमोर खुर्ची टाकून बसलो, अलार्म लावला, पेपर घेतला हातात. सुस्ती आली, अलार्म गप्प. जांभया सुरू झाल्या, अलार्म गप्प. पेपरमधली तीच ओळ परत परत वाचून राहिलो, डोक्यात काहीच शिरून नाही राहिलं, अलार्म गप्प. डोळ्यांवर झापड यायला लागली, पापण्या जड, एकदोनदा तर मिटल्याच आणि उघडल्या, तरी गप्प. मग कधीतरी मान पुढे पडली आणि तेव्हा कुठे हा पठ्ठ्या बोंबलला. बोंबलला मात्र असा की बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं गॅसचं काही झालं.

म्हणजे मशीननं सांगितलेलं काम केलं. यात खोट नाही. मान पडली की वाजतो म्हटलं होतं, मान पडली, वाजला.

मग बाबांना लावला. बाबा रोज दुपारी बातम्या बघता बघता झोपतात आणि रोज म्हणतात मी झोपलो नव्हतो. म्हटलं आज पुरावाच गोळा करू. पण बाबांचा मामला वेगळा निघाला. ते सोफ्यावर मागे रेलून बसतात, डोकं मागे टेकवून. तोंड उघडं, घोरणं सुरू, बातम्या संपून जाहिराती लागल्या, अलार्म एकदम शांत. उठवलं तर म्हणतात, "काऊन उठवलं बे, ऐकूनच राहिलो होतो मी." आणि कानातल्या मशीनकडे बोट दाखवून, "बघ, हे पण म्हणते मी जागा होतो." घरात आता हा विषय काढायची सोय राहिली नाही.

हसण्यावारी नेऊ नका पण, कारण या मशीनचा सगळ्यात मोठा घोळ इथंच आहे. हा फक्त पुढे पडणारी मान ओळखतो. कारच्या सीटला मागे हेडरेस्ट असते, लांबच्या प्रवासात माणूस सीट थोडी मागे पाडूनच बसतो, आणि झोप लागली की डोकं बरेचदा मागे टेकते किंवा बाजूला दरवाज्याकडे कलंडते. त्या वेळी हा वाजेलच याची काही गॅरंटी नाही. मी घरी सीटसारखं मागे टेकून मुद्दाम मान बाजूला पाडून पाहिली, बऱ्यापैकी पाडेपर्यंत आवाज नाही. डब्यावर मात्र चित्र कोणाचं, तर स्टिअरिंगवर ताठ बसून मान पुढे टाकलेल्या माणसाचं. असं ताठ कोण चालवते, लर्निंग लायसन्सवाला.

आता उलट्या बाजूचं. जिथं वाजायला नको तिथं वाजतो. गाडी चालवत नेली, दिवसा, सोबत मित्र बसवून. वायफळ गावाच्या टोलपाशी खाली पडलेली पाण्याची बाटली बघायला मान वाकवली, टीं टीं. खिशातून रुमाल काढायला वाकलो, टीं टीं. स्पीड बघायला मान जरा जास्त झुकली तर टीं टीं. मित्र म्हणे, "बंद कर ना बाप्पा, डोकं उठलं." आणि हेच होते, माणूस वैतागून तो बंद करतो, आणि रात्री जेव्हा खरी गरज तेव्हा तो डॅशबोर्डवर पडलेला असतो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या मराठीत झोप येण्याला किती शब्द आहेत बघा, आणि आपण ते उगाच नाही वापरत, प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. जेवण झालं की येते ती सुस्ती, तिच्यात माणूस जागाच असतो, फक्त हलायची इच्छा नसते. सर्दीची गोळी घेतली की येते ती गुंगी, त्या गोळीच्या कागदावर पण बरेचदा लिहिलेलं असते की गाडी चालवू नका, वाचते कोण. तापात किंवा उन्हानं येते ती ग्लानी, ती तर झोपच नाही, ती तब्येतीची गोष्ट आहे, तिच्यात दवाखाना बघायचा. एकाच गोष्टीकडे बघत राहिलं की लागते ती तंद्री, डोळे सताड उघडे पण माणूस तिथं नाही. मग येते पेंग, म्हणजे झोप दारात येऊन उभी आहे आणि तुम्ही दार धरून ठेवलं आहे. झापड आली म्हणजे पापण्याच ऐकत नाहीत. आणि मग लागते ती डुलकी, मान डुलते म्हणून डुलकी, मान पडते आणि झटक्यानं वर येते. त्याच्या पुढे डोळा लागतो, तेव्हा विषय संपला.

यात क्रियापदाची पण गंमत आहे. डुलकी काढली, डुलकी घेतली म्हटलं की माणसानं स्वतः ठरवून केलेलं काम, कौतुकानं सांगायचं. दुपारी जरा डुलकी काढतो म्हणणाऱ्याला कोणी नाव ठेवत नाही. डुलकी लागली म्हटलं की त्याच्या हातात काही नव्हतं, ती आपसूक लागली. पेपरात अपघाताची बातमी वाचा, हमखास एकच वाक्य असते, चालकाला डुलकी लागल्याने वाहनावरील नियंत्रण सुटले. चालकाला पेंग आली होती असं कधी वाचलं का तुम्ही? नाही, कारण पेंग आलेली दुसऱ्याला दिसत नाही, ती फक्त त्या माणसाला माहीत असते, आणि तीच तर वेळ असते गाडी थांबवायची. हा अलार्म बनवणाऱ्यानं पण पेपरसारखंच केलं, सगळं सोडून डुलकी पकडली. तंद्री, पेंग, झापड, या तिन्ही स्टेशनांवर याची गाडी थांबतच नाही.

आणि समृद्धीवर सगळ्यात जास्त डेंजर ती तंद्रीच आहे. ज्यांनी चालवली त्यांना माहीत आहे. एकूण ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटरचा ५ जून २०२५ ला. दोन्ही बाजूनं तीन-तीन लेन, ना सिग्नल ना चौक ना मधे गाव. बाइक आणि ऑटोला तर परवानगीच नाही, म्हणजे मधे कोणी आडवं यायचा प्रश्न नाही. कारला १२० ची लिमिट. जुन्या रस्त्यावर अमरावती, अकोला असं करत जाताना तुम्हाला कोणी ना कोणी जागं ठेवतच होतं, कधी ट्रॅक्टर, कधी म्हैस, कधी ब्रेकर, शिव्या देत देत माणूस पोहोचायचा पण जागा राहायचा. इथं येळाकेळी, धामणगाव, कारंजा, शेलूबाजार, मेहकर हे सगळे फक्त बोर्ड आहेत, हिरवे, एकसारखे, येतात आणि जातात. हात स्टिअरिंगवर, पाय क्रूज कंट्रोलमुळे मोकळा, समोर हेडलाईटमध्ये तीच पांढरी रेघ. याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात, आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनीअरिंग कॉलेजच्या लोकांनी २०२३ मध्ये या रस्त्यावर अभ्यास केला तेव्हा तो शब्द पेपरात भरपूर गाजला होता. कधी कधी मागचा टोल कधी गेला तेच आठवत नाही. त्या वेळी तुमची मान एकदम सरळ असते. कानामागचं मशीन समाधानी असते की माणूस जागा आहे.

त्याच वर्षी १ जुलैच्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला अपघात झाला, आग लागली, २५ जण गेले. कारणावरून पुढे बरीच चर्चा झाली, त्यात मला जायचं नाही. पण तेव्हापासून नागपुरात घरातलं कोणी रात्री निघालं की आई लोकं फोन करकरून विचारतात कुठपर्यंत आले, ते उगाच नाही.

थोडा हिशोब करा. १२० च्या स्पीडनं गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. झापड येऊन डोळे तीन सेकंद मिटले तर शंभर मीटर गाडी स्वतःच्या मनानं गेली. या तीन-चार सेकंदांच्या झोपेला मायक्रोस्लीप म्हणतात, आणि तिच्यात मान पडलीच पाहिजे असं काही नाही, कधी कधी तर डोळे पण अर्धवट उघडेच असतात. आता समजा मान पडली, अलार्म वाजला, तुम्ही दचकून जागे झालात. झोपेतून दचकलेला माणूस पहिलं काय करते? स्टिअरिंग झटकते. १२० वर झटकलेलं स्टिअरिंग म्हणजे काय ते सांगायला पाहिजे का. म्हणून म्हणतो, वाजतो बरोबर पण उशिरा, आणि असा वाजतो की दचकवतो.

माझा मामेभाऊ टुरिस्ट गाडी चालवतो, नागपूर-शिर्डी त्याचं नेहमीचंच. त्याला मोठ्या कौतुकानं दाखवला हा अलार्म. दादानं हातात घेऊन उलटापालटा केला, कानाला लावला, मान हलवून वाजवून पाहिला, आणि परत दिला. "कशाला पैसे घालतं बे असल्यात? मान पडते तवा गाडी अगोदरच गेलेली असते."

"मग तू काय करतं दादा झोप आली तर?"

"थांबतो."

"गिऱ्हाईक थांबू देते?"

"नाही थांबू देत तर त्याले म्हणतो तूच चालव." मग म्हणे, त्याची स्वतःची खूण आहे. बाजूच्या सीटवर बसलेल्याशी बोलता बोलता वाक्य अर्धवट राहिलं, किंवा कान गरम व्हायला लागले, किंवा लेनच्या रेघेवर टायर गेल्याचं उशिरा समजलं, की पुढचा पेट्रोल पंप पकडायचा. कान गरम होणं पुस्तकात आहे की नाही माहीत नाही, पण त्याचं आजवर निभलं आहे. पंपावर गाडी लावायची, काच थोडी खाली, वीस मिनिटं डुलकी काढायची. रस्त्याच्या कडेला मात्र कधीच नाही, मागून येणारा ट्रकवाला पण पेंगतच येत असतो. एसीचं पण त्याचं ठाम मत आहे, आतलीच हवा फिरवत ठेवली की गाडीतल्या सगळ्यांना झोप येते, बाहेरची हवा अधूनमधून घेत जायची. हे मी नंतर वाचलं पण, बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढला की सुस्ती वाढते, दादा बरोबर आहे.

वीस मिनिटांच्या डुलकीचं पण शास्त्र आहे. त्यापेक्षा जास्त झोपलं की झोप खोल जाते, मग उठल्यावर अर्धा तास डोकं जडच. चहा-कॉफी घ्यायची तर झोपायच्या आधी घ्यायची, कारण तिचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तुम्ही उठता तोवर ती कामाला लागलेली असते. आपल्याकडे सगळे उलटं करतात, तर्री पोहे हाणतात, वर चहा मारतात, तोंडावर पाणी आणि चलो. तर्रीनं डोळ्यात पाणी येते, झोप जात नाही. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जाते, तेच पेंग आणते, आणि ते झोपूनच उतरते. चहातलं कॅफिन फक्त थोड्या वेळासाठी त्याची जागा अडवून ठेवते. तोंडावर मारलेल्या पाण्यानं त्याचं काही वाकडं होत नाही.

आणि शरीराचं घड्याळ वेगळंच. मध्यरात्रीनंतर, त्यातही २ ते ६ मध्ये, झोपेचा जोर सगळ्यात जास्त, आणि दुसरी लहान लाट दुपारी जेवणानंतर. दुपारची सुस्ती आपण जेवणावर ढकलतो पण ती थोडीफार उपाशी माणसाला पण येते, जेवण फक्त तिला हातभार लावते. आता तुम्ही सकाळी ७ ला उठले, दिवसभर ऑफिस केलं, रात्री १० ला जेवून निघाले, तर १२ वाजता तुम्हाला जागून १७ तास झाले. सतरा तास जागलेल्या माणसाची रिॲक्शन रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखी होते असं १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत मोजून पाहिलेलं आहे. आपल्याकडे कायद्याची लिमिट १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. न पिता तुम्ही लिमिटच्या वर. आणि नाक्यावर पोलीस तोंडाजवळ मशीन धरते तेव्हा तुम्ही छाती फुगवून फुंकता.

भाड्याच्या ड्रायव्हरचा तर विचारच नको करायला. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट २०२५ मध्ये नव्या लेबर कोडमध्ये जमा झाला, त्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर कमीत कमी अर्धा तास आराम असं लिहिलेलं होतं. गाडी बुक करताना आपणच म्हणतो, भाऊ रात्री नेऊन सोडा, सकाळी दर्शन, संध्याकाळी परत. तो कधी झोपला हे कोण विचारते? मी एकदा एका ड्रायव्हर काकांना विचारलं तर ते हसले फक्त. अशा माणसाला दोनशेचा अलार्म कानात अडकवून दिला की मालकाला वाटते आपलं काम झालं, हे मला जास्त खटकते.

दुसरे पर्याय काय आहेत ते पण पाहिले, म्हणून सांगतो. मोबाईलचे ॲप आहेत, पुढच्या कॅमेऱ्यानं डोळे बघतात. कल्पना चांगली, कारण झापड पकडायचा प्रयत्न तरी करतात, पापण्या किती वेळ मिटलेल्या आहेत हेच खरं मोजायला पाहिजे. पण रात्री अंधारात साध्या कॅमेऱ्याला डोळेच दिसत नाहीत, चष्मा असला तर आणखी घोळ, आणि नागपूरच्या गरमीत काचेला चिकटवलेला फोन दिवसा तापून स्वतःच बंद पडतो. नव्या गाड्यांमध्ये कंपनीचीच सिस्टिम येते, स्टिअरिंग कसं फिरवता त्यावरून अंदाज घेते आणि डॅशबोर्डवर कपाचं चिन्ह दाखवते, थांबा आणि कॉफी घ्या म्हणून. मित्राच्या गाडीत पाहिली, चांगली आहे, मान पडायच्या बरीच आधी सांगते, पण तिच्यासाठी गाडी बदलावी लागेल. युरोपात तर जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना अशी सिस्टिम सक्तीचीच आहे. आपल्या दोनशेच्या मशीनची तिच्याशी तुलना करणं खरं तर अन्याय आहे, मान्य, पण डब्यावर अपघात टाळते असं छापलं आहे ना, मग तुलना होणारच.

आता चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतीच किरकिर. आमच्या गल्लीतला एक पोट्टा एमपीएससी करून राहिला, टेबलावर ताठ बसून पुस्तकात मान घालून वाचतो, त्याची मान पुढेच पडते, त्याला दिला तर तो खुश आहे. फक्त वाचताना मान आधीच झुकलेली असते म्हणून पुस्तक उंचावर ठेवावं लागते, त्यानं कुकरचा डबा खाली ठेवून स्टँड केलं. सोसायटीच्या गार्डला एक रात्र लावायला दिला, त्यानं सकाळी परत आणून दिला आणि म्हणे, "साहेब, चांगला आहे, पण मले नको." त्याची बाजू समजू शकतो.

आणि बाजूच्या सीटवाला. याच्यावर कोणी लिहित नाही, पण याचा खरा उपयोग मला तिथंच वाटला. रात्री ड्रायव्हरला जागं ठेवायचं काम बाजूच्याचं असते, आणि तोच पहिला झोपतो, त्याची मान तर हमखास पुढे पडते कारण त्याच्या हातात स्टिअरिंग नसते. त्याच्या कानात हा लावा. तो वाजला की दोघंही जागे होतात, आणि दचकून स्टिअरिंग झटकायचं भ्या नाही. वहिनीनं दादाच्या गाडीत असा लावून पाहिला शिर्डीला जाताना. दादा म्हणे मशीनपेक्षा ती चिडली त्यानंच झोप उडाली.

बाकी बारीकसारीक तक्रारी. चष्मा लावणाऱ्याला त्रास आहे, काडी आणि अलार्म दोघांना कानामागे जागा पुरत नाही, मग तो बाहेरच्या बाजूला कलतो आणि कोन चुकतो. मेमध्ये कानामागे घाम येतो तेव्हा प्लास्टिक सरकते. बटन इतकं सैल आहे की खिशात आपोआप चालू होते, खिशातच वाजत राहतो आणि सेल संपतात. सोबत जास्तीचे सेल येतात असं डब्यावर होतं, माझ्यात नव्हते, दुकानात परत गेलो तर म्हणे माल असाच येते भाऊ, वॉरंटी नसते याला. बिल तर त्यानं दिलंच नव्हतं. ऑनलाईन घेतला तर निदान रिटर्न तरी होते, तेवढा फायदा.

तरी घ्यायचाच असेल तर दुकानातच कानाला लावा, मान पुढे, मागे, बाजूला तिन्हीकडे पाडून बघा आणि मगच पैसे द्या, बर्डीवर लोकं बघतील तर बघू द्या. घरात लहान लेकरू असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते पण बघा. माझ्यावाल्याचं झाकण नुसत्या नखानं उघडते, आणि बटन सेल पोरानं गिळली तर तसंच धावत दवाखाना गाठावा लागतो. मी तर त्यावर चिकटपट्टीच मारून ठेवली आहे.